जंजिऱ्यावर पाऊण तास

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटते आणि किल्ल्याच्या दारापर्यंत पोहोचते, तेवढ्यात तुम्हाला जंजिऱ्याचा सगळा इतिहास सांगून झालेला असतो. बावीस एकर जागा, बावीस बुरूज, बावीस वर्षं बांधकाम. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. तीन वेगवेगळ्या रकान्यांत एकच आकडा दिसला की आमच्या धंद्यात पहिला संशय कॉपी-पेस्टचा येतो. पुस्तकांत बुरूज बहुतेक ठिकाणी १९ आहेत, आणि दगडी कोटाचं मुख्य काम बुऱ्हाणखानाने १५६७ ते १५७१ या काळात केल्याचं सांगतात. पण होडीत कुणी विचारत नाही. मग समुद्राखालचं भुयार येतं, कलालबांगडी तोफ येते, ‘हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही’ हे वाक्य येतं, आणि शेवटी सूचना: पाऊण तासात परत या, होडी थांबणार नाही.

त्या गाईडशी माझं भांडण नाही. त्याला दिवसात अशा किती फेऱ्या मारायच्या असतात, आणि गिऱ्हाईक जे ऐकायला आलंय तेच तो देतो. माझं भांडण गिऱ्हाइकाशी आहे. म्हणजे आपल्याशी. मुंबई-पुण्याहून वीकेंडला निघणाऱ्या, मुरुडला सुरमई खाऊन, किल्ल्याच्या दारात एक रील काढून परतणाऱ्या मराठी माणसाशी. आपण एका राज्याच्या राजधानीत जातो आणि ते राज्य सोडून बाकी सगळं बघून येतो.

हो, राज्य. ‘जझीरा’ म्हणजे अरबीत बेट, आणि या बेटावर आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी चालवलेलं एक राज्य होतं. ते काही महिने-वर्षांचं ठाणं नव्हतं. निजामशाहीचे किल्लेदार म्हणून ते आले, पुढे विजापूरचे झाले, मग औरंगजेबाचं आरमार झाले, इंग्रजांच्या काळात संस्थानिक नवाब झाले आणि १९४८ साली भारतात विलीन झाले. आजूबाजूच्या मुलखाला जुन्या कागदांत ‘हबसाण’ म्हणतात. हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. रायगड जिल्ह्यातल्या एका पट्ट्याला आपल्याच भाषेत आफ्रिकेचं नाव होतं, आणि शाळेत बारा वर्षं इतिहास शिकलेल्या माझ्यासारख्याला ते कुणी सांगितलं नाही. शाळेत सिद्दी एका ओळीत आला: शिवाजी महाराजांचा शत्रू. परीक्षेत ‘शत्रू कोण’ या गाळलेल्या जागेत त्याला भरायचं, एक गुण.

शत्रू तो होताच. त्यात मवाळपणा करायचं कारण नाही. सिद्दीच्या माणसांनी किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं पकडून नेली, विकली. बाळाजी आवजी चिटणीसांची गोष्ट अशी सांगतात की त्यांचे वडील सिद्दीच्याच चाकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. सिद्दीने त्यांना मारलं आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकायला पाठवलं. त्यातून वाचलेला तो मुलगा महाराजांचा चिटणीस झाला. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे. घराण्याकडे तिथली देशमुखी होती, सिद्दीच्या जाचाने घाट चढून ते देशावर आले. आता हे जरा उलट करून बघा. मराठेशाहीचा एक थोर चिटणीस आणि सगळं पेशवे घराणं, दोन्ही जंजिऱ्याच्या राज्यातून बाहेर पडलेली माणसं. मग जंजिऱ्याचा इतिहास ‘त्यांचा’ कसा?

सिद्दी म्हणून कुणी एक माणूसही नव्हता. १६७० च्या सुमाराला महाराजांनी जंजिरा इतका आवळला की किल्ल्याचा मुखत्यार फत्तेखान तो देऊन टाकायला तयार झाला होता. त्याच्याच तीन सिद्दी सरदारांनी, संबूळ, कासीम आणि खैरियतने, त्याला कैद केलं आणि औरंगजेबाशी संधान बांधलं. त्यातला कासीम पुढे याकूतखान झाला आणि १६८९ साली थेट मुंबईत उतरला. इंग्रज वर्षभर आपल्या किल्ल्यात अडकून पडले. म्हणजे एका खोलीतल्या चार माणसांच्या भांडणात कोकणचा पुढचा शे-दीडशे वर्षांचा इतिहास फिरला. यावर वेब सिरीज निघायला हवी होती. आपल्याकडे त्यातलं फक्त ‘कुणालाच जिंकता आला नाही’ एवढं उरलं.

‘अजिंक्य’ या शब्दाचा तर मला आता कंटाळा आला आहे. गाईड तो अभिमानाने वापरतो, ऐकणारे कसंनुसं हसतात, कारण न जिंकू शकणाऱ्यांत आपणच पहिले. मग लगेच कुणीतरी ‘अजून थोडा वेळ मिळाला असता तर’ म्हणतं. त्यात तथ्यही आहे. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट काढायचं काम काढलं होतं, मोगल फौज कोकणात उतरल्याने ते सोडावं लागलं. पुढे १७९१ साली पुणे दरबाराने सिद्द्यांच्याच घरातल्या एका वारसदाराशी तह केला: तू जंजिऱ्यावरचा हक्क आम्हाला दे, आम्ही तुला सुरतेजवळ सचिनचा मुलूख देतो. तो सचिनला जाऊन नवाब झाला. जंजिऱ्यात बसलेल्या सिद्दीने ताबा सोडलाच नाही. कागदावर किल्ला आपला, चावी त्याच्याकडे. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या कुणालाही हे दुःख चटकन कळेल.

आणि गाईड जे शेवट म्हणून कधीच सांगत नाही ते हे: जंजिऱ्याचं राज्य शेवटी तोफेने गेलंच नाही. १९४८ च्या सुरुवातीला संस्थानी राजवटीविरुद्ध लोकांनी उठाव केला. महाडकडचे तरुण मोहन धारिया त्या लढ्यात होते. त्यानंतर नवाबाचं संस्थान मुंबई प्रांतात गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून बाहेर पडला. आमच्याकडे दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं. जंजिऱ्यावर या गोष्टीचा एक फलकसुद्धा मला दिसला नाही.

आता मी कुठला, तर आष्टीचा. बीडची नव्हे, परतूर तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटरहून जास्त लांब. मुरुडहून परत गेल्यावर आजीने विचारलं होतं, “इतक्या लांब पाणीच बघाया गेलते का?” प्रश्न बरोबर होता. मी पाणीच बघायला गेलो होतो. जंजिऱ्यात तोफांपेक्षा मला जास्त वेळ धरून ठेवलं ते तिथल्या दोन मोठ्या तळ्यांनी. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याची दगडी बांधणीची तळी. वेढा किती दिवस चालवायचा हे बाहेरच्या तोफा ठरवत नाहीत, आतलं पाणी ठरवतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अजिंक्यपणाचं गुपित भुयारात नव्हतं, ते तळ्यात होतं. तळ्याच्या काठावर आमच्या होडीतले लोक सेल्फी काढत होते आणि पाण्यावर चिप्सची रिकामी पाकिटं तरंगत होती.

आणि इथे मला आमच्याकडचा एक हबशी आठवतो. मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला, शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झालेला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तीच पुढची औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. त्या कोरड्या जागेत त्याने जमिनीखालून नहर आणली. नहर-ए-अंबरीचे अवशेष आजही शहरात सापडतात. डोंगरात मुरलेलं पाणी नळांतून, उतारावर, पंपाशिवाय शहरात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला या कामावर एक तास मिळाला असता तर बरं झालं असतं. आम्हाला तेव्हा ‘पर्यावरण’ नावाचा एक विषय होता, त्यात व्याख्या पाठ करायच्या होत्या. मोगलांना दमवणाऱ्या गनिमी लढाईत या मलिक अंबरबरोबर मराठे सरदार होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. शिवाजी महाराजांच्या सख्ख्या काकांनी ज्या फौजेत जीव दिला तिचा म्होरक्या आफ्रिकेत जन्मला होता. १६२६ ला तो गेला; खुलताबादला त्याची कबर आहे. वेरूळला जाणारी गाड्यांची रांग तिथून जवळच वळते.

म्हणजे हबशी माणूस या मुलखात पाहुणा नव्हता. तो वजीर होता, किल्लेदार होता, शत्रू होता, मित्र होता, पाणी आणणारा होता आणि माणसं पळवणाराही होता. महाराष्ट्राच्या इतिहासातल्या बाकी सगळ्या माणसांसारखाच.

हे पुन्हा पुन्हा का उगाळतोय? त्या होडीत माझ्याबरोबर आष्टीचाच एक मित्र होता. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. त्याच्या घरची शेती आमच्यासारखीच, कापूस-सोयाबीनची, आणि समुद्र त्याने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. गाईडचं ‘अजिंक्य’ झाल्यावर होडीत नेहमीच्या घोषणा झाल्या. त्यानेही दिल्या. मग शेजारच्या एकाने सहज नाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि तो माणूस म्हणाला, “अरे मग हा तुमचाच किल्ला की!” चार जण हसले. मित्रही हसला. पाऊण तास तो किल्ल्यात माझ्याबरोबर फिरला पण एकही फोटो काढला नाही, तोफेजवळही नाही.

त्या हसण्यात वाईट हेतू असेलच असं मी म्हणत नाही. पण नीट बघा काय झालं. दुधनेच्या पट्ट्यातला मराठवाडी शेतकऱ्याचा पोरगा, ज्याच्या सात पिढ्यांनी सिद्दीचं नाव ऐकलं नसेल, एका वाक्यात जंजिऱ्याच्या नवाबाचा वारसदार झाला. आणि चिटणीस-पेशव्यांचा इतिहास जिथून सुरू होतो ती जागा आपल्यासाठी परकी झाली. दोन्ही गोष्टी एकाच अर्धवट माहितीतून निघाल्या. माहिती अर्धवट ठेवली की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे काहीतरी येऊन बसतंच.

ऑफिसातला एक जण मध्यंतरी हनिमूनला हवाईला जाऊन आला. समुद्र, ज्वालामुखी, गळ्यात फुलांच्या माळा, सगळे फोटो झाले. पण त्याने मला सर्वांत जास्त वेळ सांगितलं ते होनोलुलुच्या राजवाड्याबद्दल. इओलानी राजवाडा, १८८२ मध्ये कालाकौआ राजाने पूर्ण केलेला. (हा राजा १८८१ च्या जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला होता.) या राजवाड्यात विजेचे दिवे व्हाइट हाउसच्या आधी लागले. १८९३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांच्या गटाने, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकालानीला पदच्युत केलं. १८९५ मध्ये तिला याच राजवाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत महिनोन् महिने कोंडलं. त्या कैदेत तिने कापडाचे तुकडे जोडून एक गोधडी शिवली, ती आज तिथे बघायला मिळते. आत जाताना बुटांवर कापडी मोजे चढवायचे, लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून. राजवाड्याचं सामान लिलावात जगभर गेलं होतं; तिथल्या लोकांनी संस्था काढून एकेक खुर्ची, एकेक ताट शोधून परत आणलं.

मला यात काय महत्त्वाचं वाटलं सांगतो. तिथे येणारे पर्यटक बहुतांशी अमेरिकनच. त्यांना त्यांच्याच देशाने काय केलं ते तिकीट घेऊन ऐकवलं जातं. तुम्ही चोरलेल्या घरात तुम्ही उभे आहात, हे ऐकतात, आणि तरी रांग असते. अमेरिकेच्या संसदेने १९९३ मध्ये त्या कृत्याची माफी मागणारा ठराव केला. हवाईत सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. मूळ हवाईयन माणसाला तिथे घर परवडत नाही, त्याचं नाचगाणं हॉटेलच्या जेवणाबरोबर विकलं जातं, आणि २०२३ मध्ये त्यांची जुनी राजधानी लाहाइना जळाली तेव्हा राख निवते न निवते तोच पर्यटन पुन्हा सुरू करायच्या घाईवर लोक संतापले. पण निदान त्या एका राजवाड्यात पाहुण्याला गैरसोयीचं खरं सांगायची हिंमत आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा मुरुडच्या टेकडीवर समुद्राकडे तोंड करून उभा आहे. खाजगी मालमत्ता. रस्त्यावरून बघायचा, फोटो काढायचा, पुढे.

आता येणारे प्रश्न मला माहीत आहेत. पहिला: तुला सिद्द्याचा एवढा पुळका का? पुळका नाही. मी वर त्याची गुलामगिरी आणि लूटही लिहिली आहे, आणि ती किल्ल्यात लिहिलेली असावी असंच माझं म्हणणं आहे. दुसरा: मराठ्यांच्या जलदुर्गांकडे आधी बघा की! इथे मी दोन्ही हात वर करून तुमच्या बाजूला. जंजिऱ्याच्या तटावर उभं राहिलं की समोर समुद्रात आणखी एक किल्ला दिसतो. पद्मदुर्ग. कासा बेटावर शिवाजी महाराजांनी खास जंजिऱ्याच्या छातीवर बांधलेला. त्याच्या तटात खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत आणि मधला चुना अजून जागेवर उभा आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. कुठल्याही स्थापत्यवाल्याला गुडघ्यावर बसवेल असं ते काम. आमच्या होडीत घोषणा देणाऱ्या चाळीसेक लोकांपैकी किती जणांनी ‘तो कुठला किल्ला’ असं विचारलं? एकाने. आणि उत्तर ऐकून पद्मदुर्गाला जायचं कसं, हे कुणीच विचारलं नाही. तिकडे एरवीही फारशा होड्या जात नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आहेत. आनंदाने स्टेटस ठेवले आपण. मीही ठेवलं. पद्मदुर्ग त्या यादीत नाही, आणि ज्याच्यासाठी तो बांधला तो जंजिरा त्या यादीत असायचं कारणच नाही. पण हे दोन किल्ले एकमेकांशिवाय अर्धे आहेत. शत्रू किती तगडा होता हे दडवलं की त्याच्यासमोर भर समुद्रात किल्ला उभा करणाऱ्याची उंची आपणच कमी करतो.

मग काय करायचं? सरकारने काय करावं याची यादी मोठी होईल, आणि मला सरकारपेक्षा होडीवाल्यांकडून जास्त आशा आहे. किनाऱ्यावरची ही माणसं वारा बघून शीड वळवतात, उसळत्या पाण्यात दगडी पायरीला होडी लावतात, म्हाताऱ्या बाईला हाताला धरून उतरवतात. त्यांना चार इतिहासकारांनी आठवडाभर बसवून गोष्ट नीट दिली तर ते ती कुठल्याही ऑडिओ गाईडपेक्षा चांगली सांगतील. त्यासाठी त्यांना जास्त पैसे द्यावे लागतील, आणि पाऊण तासाचे दोन तास करावे लागतील. फेऱ्या कमी होतील, तिकीट वाढेल. वाढू दे. पुण्यात कॉफीला तीनशे रुपये देताना आपण घासाघीस करत नाही. दारावर पंजात आणि शेपटीत हत्ती धरलेल्या वाघाचं शिल्प आहे, त्याखाली मराठीत चार ओळी हव्यात. तळ्याशी पाण्याची गोष्ट हवी. फत्तेखानाच्या कैदेची हवी, संभाजी महाराजांच्या भरावाची हवी, पळवून विकलेल्या माणसांची हवी, १९४८ ची हवी. कर्नाटकात यल्लापूर-हलियाळकडे सिद्दी आदिवासी आजही राहतात, कोकणीच्या जवळची भाषा बोलतात. त्यांच्यातल्या एखाद्याला ही गोष्ट त्याच्या तोंडून सांगायला बोलवायला काय हरकत आहे?

आणि हे सगळं होईपर्यंत थांबायची गरज नाही. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. उघडल्यावर गेलात तर किल्ल्याहून उतरून लगेच गाडीत बसू नका. राजपुरीजवळच खोकरी आहे. तिथे तीन दगडी घुमट आहेत: सिद्दी सुरूलखान, याकूतखान आणि खैरियतखान यांच्या कबरी. खैरियत म्हणजे फत्तेखानाला कैद करणाऱ्या तिघांतलाच एक. घुमटांवरचं कोरीव काम सावकाश बघण्यासारखं आहे, गर्दी नसते, गाईड नसतो, आणि तिथे तुम्हाला परत बोलवायला कुठलीही होडी थांबलेली नसते.